आवाज येतो, चित्र नाही : चिपळूणच्या एका टीव्हीचं प्रकरण

चिपळूणला माझ्या आत्याकडचा ४३ इंची एलईडी टीव्ही ऑगस्ट २०२५ मध्ये बिघडला. आवाज व्यवस्थित येत होता, रिमोट चालत होता, चॅनेल बदललेलं कानाला कळत होतं. पडदा मात्र काळा. गणपती २७ ऑगस्टला होते, म्हणजे हातात जेमतेम दोन आठवडे. घरात पाहुणे येणार, पोरंटोरं येणार, आणि लगेच सप्टेंबरात आशिया चषक. काकांचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं, सगळं लक्ष त्या सामन्यांकडे लागलेलं.

हा टीव्ही २०२१ च्या दिवाळीतला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आत्याकडचा आधीचा टीव्ही, फ्रिज, मिक्सर, कपाटाचे खालचे खण, सगळं गेलं. चिखल उपसून झाल्यावर घर पुन्हा उभं करताना ज्या वस्तू घेतल्या त्यांतली ही एक, साधारण २९ हजारांची. चार वर्षं पुरी व्हायच्या आत पुन्हा तेवढाच खर्च करायचा, हे त्या दोघांच्या जिवावर आलं होतं. पेन्शनवर चालणारं घर आहे आणि पुरानंतरची जुळवाजुळव ते विसरलेले नाहीत. म्हणून हे प्रकरण मला नीट मांडावंसं वाटलं. दुरुस्ती की नवीन, हा प्रश्न हल्ली दुकानदार, कंपनी आणि घरातली तरुण मंडळी मिळून पाच मिनिटांत निकालात काढतात, आणि पैसे भरतात ते भलतेच.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस सर्वात आधी येऊन गेला. व्हिजिटचे ५९० रुपये घेतले, टीव्ही चालू-बंद करून पाहिला, मागचं झाकण उघडलंच नाही. "पॅनेल गेलंय काका. एकवीस हजार पाचशे पॅनेलचे, वर लेबर. त्यापेक्षा एक्सचेंजमध्ये नवीन घ्या, सध्या ऑफर आहे." वॉरंटी एका वर्षाची होती, ती कधीच संपलेली. वाढीव वॉरंटी घेतलेली नव्हती.

पुण्याच्या आतेभावाने, म्हणजे दादाने, तिथूनच निकाल दिला: नवीन घ्या, पण थांबून घ्या. १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटीचे दर बदलणार असं जाहीर केलं होतं, आणि ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा २८ टक्के कर १८ वर येईल अशी बातम्यांतून चर्चा होती. काकांना दुरुस्तीच हवी होती, कितीही लागो. आत्याचं म्हणणं एवढंच की गणपतीत भिंतीवर काळा पडदा नको. तिघांपैकी एकालाही बिघाड नेमका कशाचा हे ठाऊक नव्हतं, आणि तरी तिघांचं मत पक्कं झालेलं होतं.

मी लोटे एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्सला आहे. टीव्ही दुरुस्ती हा माझा धंदा नाही, पण विजेचा दाब मोजायचा मीटर धरायची सवय आहे आणि "पॅनेल गेलंय" हे वाक्य झाकण न उघडता बोललेलं मला पटत नव्हतं. आत्याला फोनवर विचारलं, "चालू केल्या केल्या पडदा क्षणभर उजळतो का?" ती म्हणाली, "हो रे, एकदा लख्ख होतो आणि जातो. आणि त्याच्या आधी आठवडाभर उजव्या बाजूला काळपट पट्टा दिसायचा. यांना सांगितलं तर म्हणाले तुझ्या डोळ्यांत दोष." माझ्यासाठी निम्मा निकाल तिथेच लागला.

टॉर्चची परीक्षा

एलईडी टीव्ही म्हणून जो विकला जातो तो असतो एलसीडीच. पुढची काच स्वतः प्रकाश देत नाही. ती फक्त मागून येणारा प्रकाश कुठे अडवायचा, कुठे सोडायचा ते ठरवते. मागचा प्रकाश येतो तो अॅल्युमिनियमच्या लांब पट्ट्यांवर बसवलेल्या छोट्या एलईडींचा. त्यालाच बॅकलाइट म्हणतात. काच शाबूत आणि बॅकलाइट बंद, अशा टीव्हीत चित्र प्रत्यक्षात तयार होत असतं, अंधारात असल्यामुळे आपल्याला दिसत नाही इतकंच.

शनिवारी संध्याकाळी गेलो. खोलीतले दिवे बंद केले, खिडकीचा पडदा ओढला, टीव्ही लावला, रिमोटवरून मेनू उघडला आणि मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरका धरला. अंधुक, राखाडी, पण स्पष्ट: मेनूची चौकट दिसत होती. खाली-वर बटण दाबलं तर त्यातली निवड सरकत होती. टॉर्च हळूहळू डावीकडून उजवीकडे नेला, सगळीकडे तेच. उभी रेघ नाही, तडा नाही, कुठला भाग मेलेला नाही. काकांना जवळ बोलावून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे चित्र आहे की!" होतं. एकवीस हजारांचं म्हणून जे बदलायचं होतं, त्यातला महागडा भाग धडधाकट होता.

क्षणभर उजळून विझण्याचं कारणही सरळ आहे. बॅकलाइटचे एलईडी एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. गणपतीच्या मखराला लावायच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ विझायची, तसंच इथे. त्यात बॅकलाइटला वीज देणारं सर्किट धोका ओळखून स्वतःच बंद होतं. एखादा एलईडी मरणाच्या वाटेवर असेल, तापला की संपर्क सोडत असेल, तर पडदा उजळतो आणि दोन सेकंदांत जातो. आवाजाचा भाग वेगळा असल्यामुळे तो चालूच राहतो.

कंपनीच्या माणसाबद्दल न्यायाने बोलायचं तर तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. बऱ्याच कंपन्यांकडून सर्व्हिस सेंटरला सुट्या पट्ट्या मिळतच नाहीत. काच, मागचे प्रकाश पसरवणारे कागद, पट्ट्या, पत्रा असा सगळा संच एकत्र येतो, आणि कोटेशनमध्ये त्याला पॅनेल म्हणतात. त्याच्या यादीत दुसरी ओळच नसते. पण गिऱ्हाइकाला हे सांगायला हवं. "काच चांगली आहे, प्रकाश गेलाय, आमच्याकडे पूर्ण संचच बदलतात, बाहेर पट्ट्या बदलून मिळतील" एवढं बोलायला किती वेळ लागतो? ते न बोलल्यामुळे दोन म्हातारी माणसं चांगली वस्तू एक्सचेंजला द्यायच्या बेतात होती. याची मला अजूनही चीड आहे.

हिशेब

बिघाड कळल्यावर मग पैशांकडे वळलो. त्याआधी आकडे मांडणं निरर्थक होतं, कारण कोणता आकडा मांडायचा हेच ठाऊक नव्हतं.

तशाच प्रतीचा नवीन ४३ इंची टीव्ही त्या आठवड्यात चिपळूणच्या दुकानांत साधारण २५,५०० ला होता. एक्सचेंजमध्ये बंद टीव्हीचे दीड हजार धरत होते. बाजारपेठेतल्या एका जुन्या टीव्हीवाल्याने, म्हणजे टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने, बॅकलाइटच्या चारही पट्ट्यांचा नवा संच आणि मजुरी मिळून ३,३०० सांगितले.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी असेल तर दुरुस्त करा, असा एक ठोकताळा सगळीकडे सांगतात. टीव्हीच्या बाबतीत तो मला फार सैल वाटतो. निम्म्या किमतीत दुरुस्त केलेल्या टीव्हीला तीन महिन्यांची हमी मिळते, नव्याला वर्षाची, आणि जुन्यातले बाकीचे भाग जुनेच राहतात. म्हणून मी वेगळा हिशेब करतो. नवीन टीव्ही सात वर्षं चालेल असं धरलं तर २५,५०० चे वर्षाला साधारण ३,६५० होतात, महिन्याला ३०४. आता विचारायचं, ही दुरुस्ती किती महिने टिकली म्हणजे पैसे वसूल? ३,३०० भागिले ३०४, म्हणजे अकरा महिने. पट्ट्यांचं काम नीट झालं तर एवढं टिकणं अवघड नाही. हाच हिशेब कंपनीच्या पॅनेलला लावा: लेबर धरून २२,५०० च्या आसपास, म्हणजे तो टीव्ही आणखी सहा वर्षांहून जास्त चालायला हवा. चार वर्षांच्या मेनबोर्डावर आणि पॉवर सप्लायवर सहा वर्षांची पैज मी लावणार नाही. काकांची "कितीही लागो" ही तयारी तिथे चुकली असती.

दादाचा कराचा मुद्दाही तपासला. २८ चे १८ झाले म्हणजे किंमत दहा टक्के उतरते असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही, कारण छापील किमतीत कर धरलेला असतो. १२८ ला मिळणारी वस्तू ११८ ला येईल, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास फरक. २५,५०० चे २३,५०० होतील, दोन हजार वाचतील, तेही दुकानदाराने पूर्ण फरक खाली सोडला तर. थांबण्यासारखी रक्कम जरूर होती, पण ज्याला नवीन घ्यायचंच होतं त्याच्यासाठी. दुरुस्ती विरुद्ध नवीन या तराजूत ती फारशी हलवाहलव करत नव्हती.

वीजबिलाचं कारण दुकानात हमखास पुढे करतात. ४३ इंची एलईडी टीव्ही शंभर वॅटच्या आतच खातो. नवा घेऊन त्यात लक्षात येण्याजोगी बचत व्हायला वाव कुठे आहे? जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरून येणाऱ्याला ते कारण लागू होतं, एलईडीवरून एलईडीवर जाणाऱ्याला नाही. स्मार्ट टीव्ही म्हणून तो थोडा मंदावला होता, हे खरं. अॅप उघडायला वेळ लागायचा. पण आत्या-काका पाहतात ते डिशवरचं: तिच्या संध्याकाळच्या मालिका आणि कीर्तन, त्यांच्या बातम्या आणि क्रिकेट. उद्या अॅप चालेनासं झालं तर एचडीएमआयला लावायची स्टिक काही हजारांत येते. तेवढ्यासाठी पडदा बदलायचं कारण नाही.

एक धोका मात्र खरा होता आणि तो मी काकांपासून लपवला नाही. पट्ट्या बदलायच्या तर पुढची काच पूर्ण काढून बाजूला ठेवावी लागते. ती दीड मिलीमीटरच्या आसपास जाडीची, तीन फूट रुंद, आणि तिच्या कडेला पारदर्शक फितीसारख्या कनेक्शन पट्ट्या चिकटवलेल्या असतात. काच वाकली, कोपरा टेकला किंवा एक फीत सुटली, की टीव्ही कायमचा गेला. म्हणून टीव्हीवाल्याला आधीच विचारलं, "उचलताना फुटली तर?" त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "फुटली तर मजुरी आणि पट्ट्यांचे घेणार नाही, पण काच भरून देऊ शकत नाही. आजवर खूप केलेत, तुम्ही समोर थांबा." मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं. हमी तीन महिन्यांची, बिलावर लिहून. जुन्या पट्ट्या परत द्यायच्या, हेही ठरलं.

काकांनी हिशेब ऐकला आणि म्हणाले, "काच फुटली तर दीड हजार एक्सचेंजचे गेले, एवढंच ना नुकसान?" एवढंच. एका बाजूला बुडाले तर दीड हजार, दुसऱ्या बाजूला साधले तर वीस हजारांहून जास्त हातात राहणार. निर्णय झाला.

टेबलावर

सोमवारी टीव्ही त्याच्या दुकानात नेला, आडवा न टाकता, उभा, दोन गाद्यांच्या मधे. मागचं झाकण निघाल्यावर त्याने आधी बोर्ड तपासले. कोकणात हे आधी करायलाच हवं: पावसाळ्यात आत पाल शिरून पॉवर सप्लायवर मेलेली सापडणं, मुंग्यांनी घर केलेलं असणं, दमटपणाने कनेक्टरवर हिरवट थर येणं, हे तिथल्या प्रत्येक टीव्हीवाल्याने पाहिलेलं असतं. इथे तसं काही नव्हतं. कपॅसिटर फुगलेले नव्हते. बॅकलाइटच्या कनेक्टरला मीटर लावून चालू केलं, तर व्होल्टेज एकशेवीसच्या वर उसळून लगेच खाली आलं. ड्रायव्हर, म्हणजे बॅकलाइटला वीज देणारं सर्किट, जिवंत आहे, पुढची साखळी तुटली आहे, हे त्यातून कळलं.

मग धुतलेली चादर टेबलावर, पंखा बंद, हात कोरडे. कडेची चौकट सुटली. काच दोघांनी सपाट उचलून शेजारच्या टेबलावर ठेवली, फितींची बाजू त्याने स्वतः धरली आणि मला "श्वास सोडू नका" म्हणाला. त्याखाली प्रकाश पसरवणारे पातळ कागद आणि जाड पांढरी शीट. ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बाजूने ठेवायची हे चुकलं तर चित्रावर डाग दिसतात, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर त्याने पेन्सिलीची खूण केली. खाली चार पट्ट्या, प्रत्येकीवर आठ एलईडी, प्रत्येकावर भिंगासारखं छोटं प्लास्टिकचं झाकण. टेस्टरची टोकं तो एकेका एलईडीवर टेकवत गेला आणि एकेक पेटत गेला. उजव्या बाजूच्या पट्टीवरचा तिसरा पेटला नाही. भिंग काढल्यावर त्याच्या पिवळ्या चौकोनात मोहरीएवढा काळा ठिपका दिसला. एकवीस हजारांचं कोटेशन त्या ठिपक्याचं होतं.

तो एकच एलईडी बदलून शेदोनशेत काम होऊ शकलं असतं, आणि काही जण तसं करतात. त्याने आणखी तीन दाखवले, पेटत होते पण करपून तपकिरी झाले होते. सगळे एकाच वयाचे, सारखेच तापलेले. एक बदलला तर दोन महिन्यांत दुसरा जाणार, आणि दर वेळी ती काच पुन्हा उचलावी लागणार. नवा एलईडी जुन्यांपेक्षा उजळ असल्याने पडद्यावर ठिपका दिसतो, तेही वेगळंच. काम करायचंच तर पूर्ण संच, यावर आमचं एकमत झालं.

त्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवर पाहिला आणि मान हलवली. दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून जो भडक मोड लावलेला असतो, तोच चार वर्षं घरी चालू होता, रोज आठ-आठ तास. म्हणजे अकरा हजार तासांहून जास्त, पूर्ण जोरावर. एलईडीला मारते ती उष्णता, आणि उष्णता करंटबरोबर वाढते. त्याने ड्रायव्हरवरचा करंट ठरवणारा रेझिस्टन्स बदलून करंट थोडा उतरवला, आणि सेटिंग साठवर आणलं. घरी लावल्यावर आत्याला फरक कळला तो एवढाच, की डोळ्यांना शांत वाटतं.

दुपारपर्यंत टीव्ही चालू झाला. पांढरा, लाल, निळा, हिरवा असे पूर्ण रंग लावून डाग पाहिले, तासभर चालू ठेवला, मग नेला. जुन्या पट्ट्या घेतल्या, बिल घेतलं. गणपतीत भिंतीवर चित्र होतं आणि १४ सप्टेंबरचा भारत-पाकिस्तान सामना काकांनी त्यावरच पाहिला.

निकाल वेगळा कधी लागला असता

हेच घर, हाच टीव्ही, पण टॉर्च मारल्यावर उभ्या रेषा किंवा अर्धा पडदा मेलेला दिसला असता तर मी दुरुस्तीला नको म्हणालो असतो. कडेच्या फितींचं बाँडिंग, म्हणजे त्या पुन्हा चिकटवणं, मोठ्या शहरांत मशीनवर करून मिळतं, पण चिपळूणहून काच पाठवायची, आणायची, आणि ते काम किती टिकेल याची खात्री नाही. तडा गेलेल्या काचेला तर उपायच नाही. पुराचं पाणी आत गेलेला टीव्ही वाळवून चालू झाला तरी त्यावर खर्च करू नये. गंज नंतर महिनोन्‌महिने आपलं काम करत राहतो, हे २०२१ नंतर चिपळुणात पुष्कळांनी अनुभवलं आहे. आणि टीव्ही ३२ इंची असता तर ३,३०० चं पारडं बरंच हलकं झालं असतं. त्या मापाचे साधे टीव्ही दहा हजारांच्या आसपास मिळतात, त्यांच्यावरचा कर २०१९ च्या जानेवारीपासूनच १८ टक्के आहे.

एक्सचेंजला दिलेला टीव्ही कुठे जातो, याचाही विचार करावा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. तरी अनेकदा असा टीव्ही कुणीतरी पट्ट्या बदलून सेकंडहँड विकतो. म्हणजे जी दुरुस्ती तुम्हाला परवडत नाही असं सांगितलं जातं, तीच दुसऱ्याला परवडते. कंपनीशी अडलंच तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही काढलं. पण छोट्या गावात त्याहून उपयोगी पडतो तो मीटर घेऊन बसलेला माणूस. तशी दुकानं बाजारपेठेत कमी होत चालली आहेत, आणि ती टिकली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

२२ सप्टेंबरला दर खरोखर उतरले. दादाचा फोन आला, तोच टीव्ही आता साडेतेवीसला मिळतोय म्हणून. काकांनी त्याला पुढचं ठरलेलं सांगितलं. पट्ट्या हमीच्या काळात गेल्या तर तोच टीव्हीवाला बदलून देईल. पुढच्या ऑगस्टनंतर कधीही गेल्या तर पैसे वसूल झालेले असतील, तेव्हा पुन्हा बसून हिशेब करायचा. मेनबोर्ड गेला तर चार हजारांपर्यंत खर्च करायचा, त्याच्या वर नाही. काचेवर रेषा आल्या तर कुणालाही न बोलावता नवीन. आणि नवीन घ्यायची वेळ आली तरी ४३ इंचीच, कारण सोफ्यापासून भिंत साडेसात फुटांवर आहे. दुकानदाराने ५५ दाखवला तरी घ्यायचा नाही, हे आत्याने फोन हातात घेऊन स्वतः दादाला सांगितलं.